जमा झालेलं दूध

नेसरीच्या डेअरीत रांग झटक्यात सरावी म्हणून तिथला कंप्युटर बघणाऱ्या प्रसेनजीतनं प्रोग्रामच असा केलता, की पडद्यावर 'जमा' आधी उमटायचं आणि आकडा डिस्कवर मागनं सावकाश लिहिला जायचा. एका सकाळी नेमकी त्या मधल्या वक्ताला लाइट गेली. परत आली, तर अंजनाक्काचं दूध कंप्युटरात न्हाईच.

"आरं, आत्ता कॅनमधी ओतलं की म्या!"

"आक्का, मशीन खोटं बोलतंय व्हय?" सेक्रेटरी म्हणाला. रांग खदाखदा हसली.

आक्का प्रसेनजीतकडं वळली. "पोरा, तुझं मशीन हाय. तूच सांग."

त्याला सगळं उमगलंतं. मान खाली घालून तो एवढंच म्हणाला, "बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं गुपचूप प्रोग्राम दुरुस्त केला. आक्का मात्र तवापासनं दूध घालाय येताना शेजारणीला साक्षीला आणाय लागली.