अस्सल शेतकरी

किहीमच्या शेतकरी बाजारात माझा भाचा विपुल स्वतः पिकवलेल्या पांढऱ्या कांद्यांच्या माळा घेऊन बसतो. त्याची जीन्स आणि चष्मा पाहून मुंबईची गिऱ्हाइकं ‘हा दलाल दिसतोय’ म्हणत पुढे जायची. त्या रविवारीही माळा खपल्या नसत्या, तर त्याची जागा सुगंधी मेणबत्तीवालीला मिळणार होती.

हळदीला जायचं म्हणून मी आईचं जुनं लुगडं नेसले होते. वाटेत बाजारात डोकावले.

“मावशे, बस गो जरा सावलीत,” विपुल म्हणाला. मी टेकले मात्र, एक बाई धावतच आल्या.

“आजी, तुमच्याच शेतातले ना?”

“घरचेच हायत,” मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

माझ्या लहानपणी कांदेवाली आधी गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, तेव्हा कुठे माळ हातात पडायची. इथे भाव कोणी विचारलाच नाही. माझ्याबरोबर फोटो मात्र सगळ्यांनी काढले. दुपारच्या आत विपुलचं मेज रिकामं झालं.

“मावशे, पुढच्या रविवारी पण ये,” तो कानाशी येऊन म्हणाला, “आणि लुगड्यातच ये.”

गेले. पण या खेपेला सगळी गर्दी समोरच्या वांगीवाल्याकडे होती. मी माणसं बाजूला सारत पुढे झाले.

 

वांग्यांच्या ढिगामागे लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून सुलभा बसली होती; बँकेत ती जन्मभर माझ्या शेजारच्या खिडकीत बसायची.