चमकती बाजू

गोदावरीबाईची डीव्हीडी पुन्हा अडकली म्हटल्यावर पवनीतल्या फोटो स्टुडिओवाल्या धनीरामचा पाराच चढला. गाव गोसीखुर्दच्या धरणात जाण्याआधी त्यानंच तिच्या घराचं शूटिंग केलं होतं. पहिली डिस्क स्वस्तातली होती, हे त्याला कबूल. पण पोळ्यानंतर त्यानं चांगल्या कंपनीची कोरी डीव्हीडी आणून, सावकाश कॉपी करून दिली होती. दसरा होतो न होतो तोच हीसुद्धा अडकली!

त्यानं डिस्क उलटी केली. चमकत्या बाजूवर हळदकुंकवाची बोटं वाळून बसली होती.

"काकी, इथं कुंकू कायले लावलं जी?"

"तूच त सांगतलं होतं, चित्र चमकत्या बाजूले रायते म्हणून."

"पण कुंकू काहून?"

"सणावाराले उंबरठ्याले लावतो न बाबू. नव्या घराच्या उंबरठ्याले लावलंच. पण सासूनं मले ज्या उंबरठ्यावरून आत घेतलं, तो आता यातच हाये."

मूळ कॅसेटवरून धनीरामनं नवी डीव्हीडी काढली. मग त्याच शूटिंगमध्ये उंबरठा आला तिथं चित्र थांबवलं, त्याचा फोटो छापला आणि डबीच्या कव्हरात सरकवला.

"आता कुंकू इथं लावत जा, काकी. आतल्या डिस्कले नको."

गोदावरीबाईनं आधी पायातल्या चपला काढल्या, मगच ती डबी हातात घेतली.