हिंगाची डबी

"आई, येतोय का वास?" लेकानं हिंगाची डबी माझ्या नाकाखाली धरली. करोनात मला वास येईनासा झाला, तेव्हापासून आमची ही रोजची परीक्षा. मी "छे" म्हटलं. स्वारी निर्धास्त होऊन काढ्याचा पेला घेऊन आपल्या खोलीत पसार!

खरं तर माझं नाक केव्हाच परतलं होतं. त्या पेल्यात काढा नव्हता, रम होती. मी मागोमाग गेले.

"रोज ही ढोसायचं कारण?"

तो पांढराफटक पडला. मग रडायलाच लागला. "आई, मला मुली आवडत नाहीत. शार्दूल माझा नुसता मित्र नाहीये. लॉकडाउनमुळे भेट नाही, घरात कुणाला सांगता येत नाही. म्हणून पितो."

"शार्दूलचं ठाऊक आहे मला. नाक गेलं होतं, कान शाबूत होते. केवढ्यानं बोलता रे फोनवर!"

"म्हणजे... चालेल तुला?"

"शार्दूल चालेल. हे नाही." मी पेला मोरीत रिकामा केला. "पुन्हा वास आला, तर सांगेन."

"बाबांना?"

"शार्दूलला."

त्यानं माझे हातच धरले. "आई, त्याला नको गं! त्यापेक्षा बाबांना सांग!"