नळ चालू होता

“दम्याचा पंप ओढला की लगेच चूळ भरायची, आजी. खळखळून गुळणी करायची आणि थुंकायची. गिळायची नाही. आळस केलात तर आवाज बसेल, तोंड येईल.”

डॉक्टरीणबाईंचं हे सांगणं सुनेला शिलाई मशीनवर बसल्या बसल्या आठवलं. न्हाणीघरातला नळ सुरू झाला होता. म्हणजे सासूबाईंचा सकाळचा पंप घेऊन झाला. नळ थोडा वेळ वाहिला आणि बंद झाला. सुनेने गणवेशाच्या दुसऱ्या बाहीला शिलाई घातली. “नीट चूळ भरलीत ना?” असं ती आधी रोज विचारायची. हल्ली विचारत नव्हती. का, ते तिचं तिला ठाऊक होतं.

सासूबाईंचा आवाज बसला होता, आणि घर सुखात होतं.

तो आवाज काय होता म्हणून सांगावं! बस डेपोत गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माइक बंद पडला तरी गाड्या वेळेवर सुटायच्या. निवृत्त झाल्यावर तोच आवाज मागच्या खोलीतून निघायचा, स्वयंपाकघर ओलांडायचा आणि मशीनच्या खडखडाटावर चढून बसायचा. “गॅस बंद केलास का?” “दार कोणी वाजवलं?” सूनही मशीनच्या पायडलवरचा पाय न काढता ओरडून उत्तर द्यायची. भांडण कधीच नव्हतं. फक्त दोघींच्या मध्ये कायम दोन खोल्या असायच्या.

मग दम्यासाठी रोजचा पंप सुरू झाला. धाप थांबली. आवाज मात्र घोगरा होत होत पार तळाला गेला. “आई, तुझं बटण कुणी फिरवलं?” म्हणून मुलगा हसायचा. हाक पोचेना, तेव्हा सासूबाई टाळी वाजवू लागल्या. टाळी वाजली की सुनेला मशीन थांबवून आत जावं लागे, पलंगावर टेकावं लागे, कान जवळ न्यावा लागे.

आणि आता आलेच आहे तर, म्हणून घडीभर बसणं होई. नोकरीच्या पहिल्याच दिवशी चुकीची गाडी पुकारून अख्खं वऱ्हाड भलत्याच गावी धाडल्याची गोष्ट सासूबाईंनी कुजबुजत सांगितली.

“नवरदेवासकट?”

“त्याला तर खिडकीची जागा मी मिळवून दिली.”

सून इतकी हसली की हातातल्या टाचण्या सांडल्या. त्या वेचता वेचता सासूबाई हळूच म्हणाल्या, “पाठ भरून येते का गं तुझी, इतकं वाकून?” तिला या घरात हे कुणी कधी विचारलं नव्हतं. काही प्रश्न ओरडून विचारता येत नाहीत.

तेव्हापासून देवापुढे हात जोडले की सून सगळ्यांसाठी सगळं मागायची. सासूबाईंच्या आवाजाचं मागणं मात्र ओठांवर यायचं आणि तिथेच थांबायचं. मनाला टोचायचं, तरी थांबायचं.

मग सासूबाईंना घास जाईना. जीभ चुरचुरायची. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून तोंडात पाहिलं. पांढरे चट्टे होते.

“चूळ भरता ना?”

सासूबाईंनी मान डोलावली.

“भरतात हो,” सून म्हणाली. “मी रोज नळ ऐकते.”

“मग असं व्हायला नको. हे औषध तोंडात घोळवा. पंप मनाने बंद करायचा नाही. आणि चूळ नीट भरलीत तर आवाजसुद्धा परत येईल, बघा.”



दुसऱ्या दिवशी सकाळी नळ सुरू झाला आणि सून टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दाराशी गेली. पाणी धो धो वाहत होतं. सासूबाई ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे पाहत उभ्या होत्या.

“आई!”

साखरेच्या डब्यात हात सापडल्यासारख्या त्या दचकल्या. “भरतच होते.”

“पाणी तर सगळं खाली चाललंय.”

सासूबाईंनी नळ बंद केला. बराच वेळ टॉवेलच्या टोकाशी चाळा केला. मग त्या तळातल्या आवाजात म्हणाल्या, “आवाज परत आला तर तू मशीनवरूनच बोलशील.”

 सुनेनेही मग सांगून टाकलं. “आणि मी चुळीचं विचारणं का सोडलं, असं वाटतं तुम्हाला?”

 सासूबाईंचे खांदे हलायला लागले. हसण्याला आवाज नव्हता, नुसतंच हसू होतं. “एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी! आणि डॉक्टरीणबाई बिचारी औषधं लिहितेय.”

“चूळ भरा आई. मी येत जाईन. रोज संध्याकाळी.”

“काम नसलं तरी?”

“काम नसलं तरी. नेम समजा.”

“नेमाला सुट्टी नसते हं.”

“घेणार नाही.”

सासूबाईंनी ओंजळ भरली आणि अशी गुळणी केली की मुलगा दाढी अर्धी टाकून बघायला आला.

आवाज हळूहळू परतला. आधी कावळ्यासारखा, मग माणसासारखा. शाळा उघडायच्या सुमाराला, एका संध्याकाळी, सुनेच्या पुढ्यात गणवेशांचा ढीग होता आणि मशीन वाऱ्यासारखं पळत होतं. तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली, स्वयंपाकघर ओलांडून, खडखडाटावर चढून, अगदी डेपोतल्यासारखी.

“बसून राहा गं! आज तुला काम आहे, येऊ नकोस!”

रस्त्याने चाललेला एक माणूस “कोण, मी?” म्हणून थबकला.

तिथूनच ओरडून “बरं” म्हणायला काहीच लागत नव्हतं. सुनेने दोरा तोडला, पायडलवरचा पाय उचलला आणि ती मागच्या खोलीकडे निघाली.