निकितानं आणलेली मोरकी

पळसदेवच्या गेणबा आबांची मैना म्हणजे वरातीची घोडी. जनावरांची डॉक्टरकी शिकणाऱ्या त्यांच्या नातीनं, निकितानं, मैनासाठी तोंडावर चढवायची नवी मोरकी आणली. त्या मोरकीत मुद्दामच चामड्याची एक कच्ची वादी होती. "घोडी बुजून ओढायला लागली की ही वादी तुटती आबा. मग मानेला इजा होत न्हाय."

"तुटायसाठी कुणी जनावर बांधतं व्हय?" आबा म्हणाले.

अंथुर्णे गावातल्या एका लग्नात निकितानं त्याच मोरकीनं मैनाला मांडवाच्या खांबाला बांधलं. ती पाणी आणायला गेली, तशी आबांनी हळूच घोडीच्या गळ्यात नायलॉनचं जाड दावं अडकवलं. तंबाखू मळायला हात मोकळे पाहिजेत, म्हणून दाव्याचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं.

तेवढ्यात डीजे दणाणला. मैना बुजली, वादी तटकन तुटली आणि घोडी उसाच्या कडेनं उधळली. तिच्यामागं फरफटत आबा.

निकिता बादली टाकून रडतच पळाली. पुढं बांधावर मैना निवांत चरत होती, अंगावर साधा ओरखडाही नव्हता. दावंही गळ्यात तसंच होतं. आबा मात्र कुठंच दिसेनात.

"आबा, कुठं हाय तुमी? लागलं का कुठं?"

 

उसातनं आवाज आला, "मला काय झालं न्हाय. त्या दाव्याला माझं धोतर आसंल, तेवढं हिकडं टाक."