खुर्च्या बदला

बाबांच्या वर्गात फळ्यासमोर दोन खुर्च्या असायच्या. वाद रंगात आला की ते डस्टर टेबलावर आपटायचे, "खुर्च्या बदला!" मग इतका वेळ ज्याचे मुद्दे खोडून काढले, त्याचीच बाजू मांडायची. मी आणि दादाही त्यातून सुटलो नाही. वर्गात त्यांना 'सर' म्हणायचं, ही घरची सक्त ताकीद.

परवा बाबांसमोरच आमची चांगली जुंपली. "बाबांनी आता माझ्याकडे राहायला यायचं," दादा म्हणत होता. "इथेच राहू देत, दिवसभराची बाई ठेवू," हा माझा हेका. एवढ्यात बाबांनी चष्म्याचं घर टेबलावर आपटलं.

"खुर्च्या बदला!"

चाळीस वर्षांनी ते शब्द ऐकले आणि आम्ही दोघंही हसत उठलो. दादानं माझी बाजू अशी मांडली की मलाच भरून आलं. मीही त्याच्या बाजूनं जीव तोडून बोलले.

"बघा सर, अजून विसरलो नाही!" दादा म्हणाला.

बाबा सावकाश उठले. स्वतःची खुर्ची त्यांनी हातानं पुसली आणि आमच्याकडे वळवली.

"छान. आता हिच्यात कोण बसतंय?"