नऊ नंबरची साखर

“रुग्णाने सकाळचा नाश्ता केला नव्हता. एवढं एक वाक्य लिही आणि सही कर,” मेट्रनबाई म्हणाल्या. “बाकी मी बघते.”

सिस्टरने कागद उलटा फिरवून त्यांच्याकडे सरकवला.

“नाश्ता केला होता. बशी मीच उचलली. नऊ नंबरच्या आजींची साखर उतरली, कारण माझ्या हातून चुकीचं इन्शुलिन गेलं.”

“हळू बोल. दार उघडं आहे.”

“असू दे.”

अकराला अधीक्षकांसमोर चौकशी होती. साडेदहा वाजून गेले होते.

घडलं ते साधं होतं. इन्शुलिन दोन चालींचं असतं. एक सावकाश चालतं आणि दिवसभर पुरतं. दुसरं सुसाट धावतं आणि बघता बघता साखर खाली आणतं. आजींना सावकाश चालणारं द्यायचं होतं. फ्रिजमध्ये दोन्हींच्या बाटल्या एकाच ट्रेमध्ये, उंचीला सारख्या, झाकणंही जवळजवळ एकाच रंगाची. सिस्टरने लेबल न वाचता बाटली उचलली. दोन तासांत आजींना दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली. सिस्टरनेच साखर तपासली, ग्लुकोज लावलं, डॉक्टरांना बोलावलं आणि बोलावतानाच सांगून टाकलं, “चूक माझी आहे.”

संध्याकाळी आजी उठून बसल्या. सिस्टरचे सुजलेले डोळे बघून म्हणाल्या, “रडतेस काय? लिहून काढ सगळं.”

तिने लिहून काढलं. झाल्या प्रकाराचा अहवाल भरला आणि शेवटी दोन मागण्या केल्या. बाटल्या वेगवेगळ्या ठेवा, आणि टोचण्याआधी दोन सिस्टरनी लेबल वाचायचा नियम करा. मेट्रनबाईंनी अहवाल ड्रॉवरमध्ये टाकला. तिने दुसरा भरला. तोही त्याच ड्रॉवरमध्ये गेला.

“नातेवाइकांची लेखी तक्रार असल्याशिवाय आपल्याकडे चौकशी होत नाही,” तेव्हा मेट्रनबाईंनी समजावलं होतं. “तक्रार नाही म्हणजे चूक नाही. इतकी वर्षं असंच चाललंय, आणि बरं चाललंय.”

आठ दिवसांनी तक्रार आली. आजींच्या मुलीची.

“काय बाई तरी एकेक!” मेट्रनबाई आता म्हणत होत्या. “आई पंधरा दिवस वॉर्डात होती, भेटीच्या वेळेला ही एकदाही फिरकली नाही. भरती करायला भाचा, डबा आणायला भाचा. आणि तक्रार करायला मात्र ही सगळ्यांच्या पुढे! सहीसुद्धा माहेरच्या नावाने ठोकलीय.”

“तिलाही कामधंदा असेल.”

“घे, तिचीच बाजू घे! अगं, ती तुझ्या मुळावर उठलीय. पुढच्या महिन्यात तू वॉर्डची इनचार्ज व्हायचीस. तक्रार टिकली तर सहा महिने घरी बसशील, आणि इनचार्जपद जन्मात मिळायचं नाही. जाऊन भेट तिला. चार शब्द गोड बोल, दोन टिपं गाळ. विरघळेल.”

“नाही विरघळणार. फार हट्टी आहे.”

“बोललीस का तिच्याशी?”

“खूपदा. ऐकतच नाही.”

“तुझ्याहून हट्टी?” मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावला. “मग धन्य आहे त्या माउलीची!”

अधीक्षकांच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सिस्टरची सेवा पुस्तिका मिटली.

“एकोणीस वर्षं. एक डाग नाही. सिस्टर, ते नाश्त्याचं वाक्य लिहिलंत तर आजही नाही लागायचा.”

“मग उद्या दुसऱ्या सिस्टरच्या हातून हेच होईल, साहेब.”

“ते कसं?”

“बाटल्या अजून त्याच ट्रेमध्ये आहेत. आत्ताच बघून आले.”

“विषय तुमचा चाललाय, ट्रेचा नाही.”

“दोन्हींचा आहे. लेबल वाचलं नाही, ते माझं. त्याला जी शिक्षा असेल ती द्या, मी हूं का चूं करणार नाही. पण बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोन अहवाल दाबले, ते तुमचं. ज्याचं त्याने उचलावं.”

“जीभ आवर!” मेट्रनबाई ओरडल्या.

“एकोणीस वर्षं आवरली, बाई.”

अधीक्षकांचे कान लाल झाले. त्यांनी टेबलावरची घंटा दाबली. शिपाई आत आला.

“त्या तक्रारदार बाईंना पाठव. आणि ऐका सिस्टर, तक्रारदार आली नाही तर तक्रार नियमानुसार निकाली निघते. मग तुमच्या या भाषणाला काही अर्थ नाही. चौकशी नाही, शिक्षा नाही, आणि तुमचा तो ट्रेही नाही.”

“ठाऊक आहे,” सिस्टर म्हणाली.

शिपाई बाहेर गेला. व्हरांड्यात त्याने मोठ्याने पुकारा केला, थोडं थांबून पुन्हा केला. मग डोकं आत घालून म्हणाला, “कोणी नाही, साहेब. बाक रिकामा आहे. फाटकापर्यंत बघून येऊ?”

“कशाला उगाच पायपीट!” मेट्रनबाईंचा चेहरा खुलला. “मी म्हटलंच होतं. आईला बघायला जी आली नाही, ती इथे काय येणार? लिहा साहेब, तक्रारदार गैरहजर.”

अधीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. तारीख लिहिली. सिस्टरकडे बघून जरासे हसलेदेखील. “सुटलात.”

“थांबा,” सिस्टर उभी राहिली. “हजर लिहा. आणि तक्रार मागे घ्यायची नाही, असं माझ्या आईने बजावून सांगितलंय.”